नव्या सायकलचं हँडल आणि तुमचे हात

दिवाळीनंतरच्या टपालात नव्या सायकलींची पत्रं असतात, हे नेहमीचंच. यंदा गिअर आणि टायर बाजूला राहिले आणि बहुतेक पत्रांत हँडल, ग्रिप, मनगट, बोटं हेच विषय निघाले. म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच दिलं आहे. पुण्यात सायकलदुरुस्तीचं दुकान चालवताना मी रोज पाहते की नवी सायकल घेताना लोक सीटची उंची आवर्जून लावून घेतात, पण हँडल कारखान्यातून जसं आलं तसंच राहतं. कारखान्याला तुमचा खांदा किती रुंद आहे, पंजा केवढा आहे हे ठाऊक नसतं. ते तुम्हालाच सायकलला सांगावं लागतं, आणि त्यासाठी थोडं करून पाहायची तयारी लागते.

ताई, मी ४६ वर्षांचा आहे. सरळ हँडलची नवी हायब्रिड सायकल घेतली आणि रोज सकाळी वारज्याहून खडकवासल्याला जाऊन येतो. परतताना दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर होतात. ग्रुपमधले म्हणतात रोड सायकलसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल बसव. दुकानदार म्हणतो जेलचे ग्लोव्ह्ज घे. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, वारजे, पुणे

नेमकी कोणती बोटं बधिर होतात हे तुम्ही लिहिलंत, ते फार बरं केलंत. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग, एवढ्या पट्ट्याची संवेदना अल्नर नावाची नस वाहते. ती मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून, एका अरुंद वाटेतून बोटांकडे जाते. सरळ हँडलवर ओणवं झालं की अंगाचा भार बरोबर त्या उंचवट्यावर येतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर ती मीडियन नस, आणि मग मी आधी मनगट मागे मुडपतंय का ते पाहिलं असतं.

सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात बोटं पूर्ववत होत असतील तर पुढचं वाचा. बधिरपणा दिवसभर राहत असेल, शर्टाची बटणं लावताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना बोटं साथ देत नसतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. सायकल तोवर थांबू शकते.

आता सायकल. हँडलला पाना लावण्याआधी सीटकडे पाहा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम हातांवर पडतं. सायकल सपाट फरशीवर उभी करा आणि सीटवर गवंड्याची लेव्हल ठेवून ती आडवी समतल करा. सीट फार पुढे सरकवलेली असेल तरीही भार हातांवर येतो, तेव्हा ती थोडी मागे घेऊन पाहा. दुकानात हात बधिर होण्याची तक्रार घेऊन आलेल्या सायकलची मी आधी सीटच तपासते. हँडल बदलायला आलेले कितीतरी लोक एवढ्यावरच समाधानाने घरी जातात.

मग ब्रेकचे लिव्हर. ते जमिनीला समांतर असले तर बोटं लिव्हरवर ठेवताना मनगट मागे वाकतं आणि तळहाताची टाच हँडलवर रुतते. लिव्हरचा स्क्रू ॲलन कीने सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवा. नेहमीसारखे सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत हात एका रेषेत दिसला पाहिजे. एका वेळी एवढाच बदल करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच खडकवासल्याच्या वाटेने जा. सीट, लिव्हर आणि ग्रिप एकाच रविवारी बदललंत तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

टायरमधली हवाही बघून घ्या. हायब्रिडचे ३५ मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक करून चालवायची सवय पुष्कळांना आहे. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. तुमचं वजन बेताचं असेल तर कमाल आकड्यापर्यंत जायची काहीच गरज नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा मग हाताला मोजावा लागत नाही.

हे सगळं झाल्यावर ग्रिप. तुमच्यासाठी मागच्या बाजूला पसरट पंख असलेले ग्रिप चांगले. जर्मनीच्या एर्गॉन कंपनीने हा आकार लोकप्रिय केला, आता अनेक कंपन्या तसे ग्रिप बनवतात. पंखामुळे भार उंचवट्याच्या एका बिंदूवर न राहता सगळ्या तळहातावर पसरतो. मात्र पंखाचा कोन जमला पाहिजे. तो फार वर असेल तर मनगट मागे ढकललं जातं, फार खाली असेल तर आधारच मिळत नाही. स्क्रू हाताने फिरेल इतपत सैल ठेवा, सीटवर बसून डोळे मिटा, हात ग्रिपवर सहज पडू द्या आणि जिथे पंख तळहाताला भरून लागेल तिथे आवळा. एका बाजूचा कोन दुसरीपेक्षा किंचित वेगळा निघाला तरी बिचकू नका. दोन्ही हात अगदी सारखे कुणाचेच नसतात.

जेलचे ग्लोव्ह्ज वाईट नाहीत, पण जाड ग्लोव्ह्ज घातले की मूठ आणखी मोठी होते, हँडल घट्ट धरून ठेवावंसं वाटतं आणि जाड गादीची शिवण नेमकी नसेवर आली तर त्रास वाढतो. पातळ घ्या.

आता ग्रुपमधल्यांचा सल्ला. ड्रॉप हँडलचा खरा फायदा असा की हात तीन-चार वेगवेगळ्या जागी ठेवता येतात आणि एकाच जागेवरचा दाब मोडतो. पण तुमच्या सायकलवर ते बसवणं म्हणजे नुसतं हँडल बदलणं नव्हे. सरळ हँडलची नळी लिव्हर बसतात तिथे २२.२ मिलिमीटर जाड असते, ड्रॉप हँडलची २३.८. म्हणजे तुमचे आत्ताचे ब्रेक आणि गिअरचे लिव्हर त्यावर चढणारच नाहीत. हायब्रिडला व्ही-ब्रेक (लांब भुजांनी रिम दोन्ही बाजूंनी दाबणारे) असतील तर ते रोड सायकलच्या लिव्हरपेक्षा जास्त केबल ओढून घेतात, त्यामुळे साध्या रोड लिव्हरने ब्रेक नीट लागणार नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असतील तर लिव्हर आणि ब्रेक अशी अख्खी जोडी बदला. पुढच्या डिरेलरचंही, म्हणजे पुढचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचंही, गणित वेगळं. शिवाय सरळ हँडलच्या सायकलची फ्रेम मुळातच लांब बेतलेली असते. त्यावर ड्रॉप लावलं की हात आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे जातात आणि पाठ व मान कुरकुरू लागतात. एवढा खर्च करून नवं दुखणं विकत घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही.

हाताच्या जागा बदलायची सोय हवीच असेल तर ग्रिपच्या आतल्या बाजूला, ब्रेक लिव्हरच्या शेजारी बसणाऱ्या लहान शिंगांची जोडी मिळते. चढावर आणि रिकाम्या सपाट रस्त्यावर ती धरता येतात, तळवे आतल्या बाजूला वळतात आणि नसेला विसावा मिळतो. फक्त हात तिथे असताना बोटं ब्रेकवर नसतात, हे गर्दीत विसरू नका.

त्याच्याही पुढे जायचं असेल तर मागे वळलेलं हँडल. खुर्चीत बसा, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा, डोळे मिटून हात समोर सैल सोडा आणि डोळे उघडून पाहा. पेन्सिली एका सरळ रेषेत नसतात, दोन्ही तिरक्या असतात. तुमच्या हाताला तोच तिरकेपणा आवडतो. बहुतेक सरळ हँडलांना जेमतेम ५ ते ९ अंशांचा बाक असतो. १५ ते २५ अंशांची हँडलं मिळतात, आणि अमेरिकेतल्या जेफ जोन्स यांनी बनवलेलं हँडल तर ४५ अंश मागे वळतं. लिव्हर तुमचेच राहतात. केबल अपुरी पडतेय का एवढं मात्र हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून बघावं लागतं.

माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला कच्च्या वाटांवर चालवायला नवी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली. हँडल ७२० मिलिमीटर रुंद आहे. तासाभरात खांद्यांच्या मधोमध दुखायला लागतं आणि ब्रेक धरताना बोटं पुरत नाहीत. हँडल कापता येईल असं ऐकलं, पण नवीन सायकलला करवत लावायला जीव होत नाही.
– एक वाचक, नाशिक

जीव होत नाही हे मला समजतं, आणि लगेच कापूही नका. आधी न कापता कापून पाहायचं. ग्रिप आणि लिव्हर सैल करून दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर आत सरकवा. ग्रिपच्या बाहेर नळीचं टोक उघडं राहील, त्याला बूच लावा. धरणाच्या नेहमीच्या वाटेवर जा. आणखी आत हवंसं वाटलं तर पुन्हा सरकवा. रुंद हँडलमुळे दगडधोंड्यांवर पुढचं चाक ताब्यात राहतं, हा त्याचा मोठा गुण आहे. म्हणून खांदा मोकळा झाला की थांबा. तुमच्या उंचीच्या कितीतरी जणी ६४० ते ६८० च्या दरम्यान खूश असतात. पण हा आकडा माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या खांद्याकडून घ्या.

कापायचंच ठरलं तर नळी ॲल्युमिनियमची असल्याची खात्री करा. बऱ्याच हँडलांच्या टोकाला कापायच्या खुणा छापलेल्या असतात, त्यांच्या आत जाऊ नका. दोन्ही बाजूंना सारखं मोजून चिकटपट्टीची खूण करा, बारीक दात्यांच्या हॅक्सॉने सावकाश कापा आणि धारदार कड कानशीने गोल करा. कापण्याआधी एक पक्कं करा: उरलेल्या सरळ भागावर ग्रिप, ब्रेक आणि गिअर तिन्ही मावले पाहिजेत. साधा ग्रिपच १३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पुढे वाकलेल्या भागावर लिव्हर चढत नाही.

बोटं न पुरण्याचा इलाज तर कापण्याहून कितीतरी सोपा आहे, आणि कंपन्या तो ग्राहकाला सांगत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक ब्रेक लिव्हरच्या मुळाशी एक इवलासा स्क्रू असतो. साधारण २ किंवा २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. पहिल्या पेरात लिव्हर बसेल एवढा जवळ आणा. मग ब्रेक जोरात दाबून बघा, लिव्हर ग्रिपला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. ग्रिपही पातळ निवडा. बाजारात ३० मिलिमीटरपासून ३४ पर्यंत जाडीचे ग्रिप सर्रास मिळतात. लहान पंजाला जाड ग्रिप मऊ वाटला तरी धरून ठेवायला जास्त जोर लागतो आणि कोपरापासूनचा हात भरून येतो.

सावंतवाडीत राहतो. नव्या सायकलचे रबरी ग्रिप एका पावसाळ्यात चिकट झाले, काळा रंग तळहाताला लागतो. त्यावर फोमचे चढवले तर ते फिरतात, एकदा उतारावर उजवा ग्रिप हातात फिरला. घट्ट बसवायला आत काय लावावं?
– एक वाचक, सावंतवाडी

उतारावर फिरणारा ग्रिप आजच काढा, बाकीचं नंतर वाचा.

स्वस्त मऊ रबर ऊन, घाम आणि सनस्क्रीन यांनी विरघळल्यासारखं होतं. कोकणातल्या दमट हवेत तो चिकटपणा वाळतही नाही. एकदा अशी चिकट झालेली ग्रिप धुऊन सुधारत नाही. रॉकेल किंवा पेट्रोल तर लावूच नका, रबर फुगतं. जुन्या ग्रिपवर नवा चढवणं हेच फिरण्याचं कारण आहे. जुना ब्लेडने उभा चिरून काढा, नळी स्पिरिटने पुसून कोरडी करा.

तुमच्या भागात मी लॉक-ऑन ग्रिपच सुचवीन. त्यात आत कडक प्लास्टिकची नळी आणि टोकाला धातूचं कडं असतं, स्क्रू आवळला की ते नळीला घट्ट धरतं. पावसातही हलत नाही आणि दुरुस्तीसाठी मिनिटभरात निघतं. प्लास्टिकच्या नळीमुळे त्याच जाडीत रबर थोडं कमी येतं, म्हणून किंचित टणक वाटेल. हात मऊपणा मागत असतील तर सिलिकॉन फोमचे ग्रिप घ्या. ते घाम शोषत नाहीत आणि ओले असले तरी सुटत नाहीत. ते ढकलून चढवायचे असतात. आत थोडं स्पिरिट ओता, झटकन चढवा आणि स्पिरिट उडून जाईपर्यंत, म्हणजे रात्रभर, सायकल उभी ठेवा. काही जण केसांना मारायचा स्प्रे वापरतात, तोही चालतो, कारण वाळल्यावर तो चिकटतो. तेल, ग्रीस, साबण यांतलं काहीही नको. ते आत राहतं आणि पहिल्याच सरीत ग्रिप पुन्हा फिरायला लागतो.

ताई, मी कोल्हापूरला इंजिनीअरिंगला आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, ते वाचल्यापासून लांब पल्ल्याचं वेड लागलंय. नवी रोड सायकल घेतली आणि पहिली २०० किलोमीटरची ब्रेवे (ठरल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) करायची आहे. एरोबार (पुढे कोपरं टेकायचे बार) लावू का? आणि बाहेर पसरलेलं ग्रॅव्हल हँडल घेऊ का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. रेस ॲक्रॉस अमेरिकेत जवळपास ४,८०० किलोमीटर असतात. तिथे पायांइतकीच मान आणि हात यांची परीक्षा होते. मानेचे स्नायू इतके थकतात की काही स्पर्धकांना डोकं वर धरता येत नाही. तेव्हा हँडलचा विचार तू पहिल्या ब्रेवेच्या आधीच करतोयस, हे बरोबर आहे.

एरोबारचं आकर्षण कुठून आलं तेही तुला माहीत असावं. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. ग्रेग लेमाँड पुढे हात टेकायचे बार लावून उतरला आणि लोराँ फिन्यॉनची आघाडी मोडून अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकला. वारा कापणं किती मोलाचं आहे हे त्या दिवशी सगळ्या जगाला दिसलं.

पण तुझी गरज वेगळी आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात. तुला वारा कापायचा नाही, अंग शाबूत ठेवायचं आहे. एरोबारवर कोपरं टेकली की तळहाताला पूर्ण विश्रांती मिळते, हा त्याचा लांब पल्ल्यातला खरा उपयोग. मात्र त्या वेळी दोन्ही हात ब्रेकपासून लांब असतात आणि हँडल अरुंद धरल्यासारखं चंचल होतं. आपल्या रस्त्यांवर खड्डा, कुत्रा, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल हे सगळं न सांगता येतं. म्हणून पहिली ब्रेवे त्याच्याशिवाय कर. ३०० किंवा ४०० ला जाशील तेव्हा रिकाम्या, ओळखीच्या रस्त्यावर सराव करून मग लाव. ग्रुपमध्ये चालवताना त्यावर कधीही वाकू नकोस. आणि एरोबार नसताना हँडलच्या वरच्या भागावर कोपरं टेकून चालवणं तर मुळीच नको. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एप्रिल २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे. धरायला काहीच नसतं आणि एका दणक्याने माणूस तोंडावर येतो.

पसरट हँडल मला स्वतःला आवडतं. वरून नेहमीच्या रुंदीचं, खाली १२ ते १६ अंश बाहेर झुकलेलं असेल तर दिवे घाटासारख्या उतारावर ब्रेक हाताशी राहतो आणि छातीही मोकळी राहते. २५ अंशांच्या पुढचं कच्च्या वाटांसाठी, तुला नको. रुंदीसाठी दोन्ही खांद्यांच्या वरच्या हाडांच्या टोकांमधलं अंतर कुणाकडून तरी मोजून घे आणि त्याच्या जवळचं माप घे. दुकानात ४२ आणि ४४ हाताळून बघ. मापं कुठली कंपनी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत देते, कुठली बाहेरून बाहेर. विकत घेण्याआधी विचार.

खरं सांगायचं तर हँडल बदलण्याआधी टेप बदल. नवी रोड सायकल बहुधा पातळ टेप लावून येते. वरच्या सपाट भागावर आणि लिव्हरच्या मागे, जिथे तू सगळ्यात जास्त वेळ हात ठेवतोस, तिथे जुन्या टेपचाच एक थर राहू दे आणि वरून जाड नवा टेप गुंडाळ. खालच्या टोकापासून सुरुवात करून वर ये आणि टेप सतत सारखा ताणून ठेव. प्रत्येक वेढा आधीच्यावर साधारण एक तृतीयांश चढला पाहिजे. खालून वर आलास की कडा हाताच्या दाबाने उलगडत नाहीत. दोन्ही बाजूंना टोकाचं बूच पक्कं बसव. हा तासाभराचा उद्योग आहे आणि पुढचे कित्येक महिने तुझे तळवे त्याचे आभार मानतील.

नव्या सायकलला कार्बनचं हँडल लावलं तर हादरे खरंच कमी होतात का?
– एक वाचक, ठाणे

काही होतात, पण ग्रिप, टेप आणि टायरच्या हवेने जेवढे कमी होतात तेवढे नाहीत. तरीही घेतलंत तर टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा) घ्याच. स्टेमवर, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागावर, बोल्टचा आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. कार्बनसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट लावा, ग्रीस नको. चारही बोल्ट एकाआड एक थोडे थोडे आवळा, म्हणजे स्टेमच्या झाकणाखाली वर-खाली फट सारखी राहील. हँडल पडलं, आपटलं आणि त्यावर खोल चर दिसली तर ते बदलायचं, वापरत राहायचं नाही. एवढी काळजी घ्यायची नसेल तर चांगलं ॲल्युमिनियम घ्या. बोल्टची ही पद्धत त्यालाही तितकीच लागू आहे.

माझं वय ७१. चाळीस वर्षं रॉड ब्रेकची काळी सायकल चालवली. मुलाने गिअरची नवी सायकल आणून दिली, चांगली आहे, पण ओणवं बसावं लागतं आणि मान दुखते. जुन्या सायकलचं मागे वळलेलं हँडल हिला बसेल का? मुलगा म्हणतो, नव्या सायकलला ते शोभणार नाही.
– एक वाचक, सोलापूर

काका, शोभेल. अगदी छान शोभेल. तुमच्या काळ्या सायकलचं हँडल हा इंग्लंडमधून आलेला नॉर्थ रोड नावाचा जुना आकार आहे आणि आजही जगभर नव्या सायकलींवर तो आवडीने बसवला जातो. हात अंगाच्या बाजूला येतात, पाठ ताठ राहते, मान वर करून रस्ता बघावा लागत नाही.

फक्त तुमचं जुनं हँडल जसंच्या तसं काढून बसवता येणार नाही. त्याला रॉड ब्रेकच्या दांड्या जोडलेल्या असतात आणि नव्या सायकलचे केबलचे ब्रेक त्यावर चालणार नाहीत. त्याच आकाराचं, केबलच्या लिव्हरसाठी बनवलेलं हँडल घ्या. मुठीकडची जाडी २२.२ मिलिमीटरचीच असते, त्यामुळे तुमच्या नव्या सायकलचे लिव्हर आणि ग्रिप त्यावर बसतात. मधल्या भागाची जाडी मात्र तपासा. नव्या सायकलच्या स्टेमचं तोंड बहुधा ३१.८ मिलिमीटर असतं आणि या हँडलांचा मधला भाग बऱ्याचदा २५.४. त्या दोन्हींच्या मध्ये घालायची ॲल्युमिनियमची फाटलेली बांगडी मिळते, ती घ्या. पत्रा किंवा टायरट्यूबचे तुकडे घालून कुणी बसवून देत असेल तर त्याला नम्रपणे नको म्हणा. हँडल भर रस्त्यात फिरू शकतं.

हात मागे येणार म्हणजे गुडघे वळताना हँडलला लागतात का ते पाहा. लागत असतील तर लांब स्टेम लावावा लागेल. केबल आता अपुऱ्या किंवा लांब पडू शकतात. लांब पडलेल्या कापून बेताच्या केल्या नाहीत तर समोर लोंबत राहतात आणि कशात तरी अडकतात. आणि आणखी एक गोष्ट: ताठ बसलात की तुमचं सगळं वजन सीटवर येतं. नव्या सायकलची अरुंद, कडक सीट मग टोचायला लागेल. जुन्या सायकलची स्प्रिंगची रुंद सीट अजून धडधाकट असेल तर ती इकडे लावून घ्या. त्यासाठी क्लँप किंवा सीट पोस्ट बदलावी लागू शकते. समोरून वारा असला की ताठ बसल्यामुळे थोडं जड जाईल, तेव्हा गिअर एक हलका टाका. मुलाने ते गिअर तुमच्यासाठीच तर आणून दिलेत.

मुलाला माझा निरोप सांगा. वडील रोज ज्या सायकलवर बसतात तीच घरातली सगळ्यात देखणी सायकल.

सात वर्षांच्या मुलाच्या नव्या सायकलचे ग्रिप टोकाला फाटलेत, आतली नळी दिसते. तो म्हणतो तसंच छान दिसतं. बदलायलाच हवेत का?
– एक आई, सांगली

हो, आणि हे पत्र पोहोचेल त्याच दिवशी. मूल सायकलवरून पडतं तेव्हा हँडल वळतं आणि टोक पोटात येतं. बंद, जाड टोक असेल तर बहुतेक वेळा मुका मार लागतो. उघडी नळी मात्र गोल सुरीसारखी लागते आणि त्यातून पोटाच्या आतल्या अवयवांना गंभीर इजा झालेल्या आहेत. मुलांच्या सायकलचे ग्रिप टोकाला बंद आणि फुगीर असतात ते याचसाठी. नवे ग्रिप आणेपर्यंत दोन्ही टोकांना बूच ठोका आणि वरून कापडी टेप घट्ट गुंडाळा. सायकलवरून पडल्यावर हँडल पोटाला लागलं असेल आणि मूल पोट दुखतंय म्हणत असेल, उलटी करत असेल किंवा मलूल झालं असेल, तर बाहेर खरचटलेलं दिसत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या. ग्रिपचा रंग त्यालाच निवडू द्या, म्हणजे तो ते काढून टाकणार नाही.